कड्यावर हाक न मारल्याबाबत

पिंपरी पोलीस ठाणे, ता. १८-११-१९७८, सकाळी ११ वाजता.

मी लालमहंमद चांदभाई मुलाणी, वय ३९ वर्षे, धंदा कारखान्यात प्रेस ऑपरेटर, राहणार पिंपरी, स्टेशनमागची चाळ, समक्ष हजर राहून सांगतो की,

मी व कोंडीराम गेनू येळवंडे बारा वर्षे एकाच प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबण्याच्या यंत्रावर, समोरासमोर काम करतो. आमची सुट्टी गुरुवारी असते. त्या दिवशी इतर लोक झोपतात नाहीतर पत्ते कुटतात. आम्ही दोघे महिन्यातून एकदा भीमाशंकरच्या डोंगरावर जातो व कड्याच्या काठाकाठाने तीन-चार मैल चालतो. हा नाद कोंडीरामचा. तो म्हणतो, "लालभाई, वर कुनी बोलत न्हाई. खाली कोकण बघायचं आन् चालायचं." मी दरवेळी पाय दुखतात म्हणून कुरकुर करतो आणि दरवेळी जातो.

ता. १६ रोजी सकाळी साडेनऊच्या सुमारास कोंडीराम पुढे व मी दहा-बारा पावले मागे असे चाललो होतो. एके ठिकाणी काठाखालची माती पावसाने वाहून गेली होती, वरचे गवत मात्र जागेवर होते. मी वळणावर असल्याने मला ते बाजूने दिसले, त्याला वरून दिसत नव्हते. मी हात वर केला. तो पुढे गेला व वीस-पंचवीस फूट खाली झाडीत पडला. सरपण गोळा करणाऱ्या गोजाबाईंनी माणसे बोलावली. झोळी करून त्याला वर काढले. मांडीचे हाड मोडले असून तो पुण्याच्या सरकारी दवाखान्यात आहे. पाठीमागे काय घडले हे त्याला ठाऊक नाही.

त्याचा भाऊ सयाजी याने फिर्याद दिली आहे, की चार्जहँडच्या, म्हणजे कामगारांवरच्या मुकादमाच्या, जागेसाठी आम्हा दोघांची नावे गेली असल्याने मी त्याला मुद्दाम पडू दिले. मी नुसता हात वर करून उभा होतो, हाक मारली नाही, असे गोजाबाई सांगतात. त्या खरे सांगतात.

काल याच ठाण्यात मी सांगितले, की घाबरून माझा आवाज बंद झाला. ते खोटे होते. खरे असे, की कोंडीरामला ऐकू येत नाही. प्रेसच्या आवाजात कारखान्यात कोणी कोणाला हाक मारत नाही. हात वर केला की समोरचा माणूस प्रेस थांबवतो. बारा वर्षांत मी त्याला आवाजाने कधी थांबवलेच नाही. हात आपोआप वर गेला. त्याची माझ्याकडे पाठ आहे, हे त्यानंतर ध्यानात आले. मी धावलो, पण पोहोचलो नाही. त्याचे मला फार वाईट वाटते.

बहिऱ्या माणसाला प्रेसवर ठेवत नाहीत, घरी पाठवतात. म्हणून मी काल खोटे बोललो. कंपनीच्या कानांच्या तपासणीत डॉक्टर आकडे बोलतात व ते ऐकून सांगायचे असतात; दोन वर्षे मीच डॉक्टरांच्या पाठीमागे उभा राहून त्याला बोटांनी ते आकडे दाखवले आहेत. यात गुन्हा असल्यास माझा धरावा.

आज त्याची पत्नी सारजाबाई स्वतःहून ठाण्यात आल्या. मी अजून काही बोललो नव्हतो. त्या हवालदारसाहेबांना म्हणाल्या, "लिवा सायेब, त्यास्नी ऐकू येत न्हाई. दोन वर्सं मी भावकीत सांगत आले, मानूस रागीट झालाय, बोलत न्हाई म्हनून. नोकरी जाईल तर जाऊ द्या. लालभाईला आत घालून मला पगार नको." सयाजी तेथेच होता. त्यानंतर मी वरील हकीकत सांगितली.

हा जबाब हवालदारसाहेबांनी मला वाचून दाखवला, तो मला नीट ऐकू आला नाही. आम्हा दोघांची प्रेस एकच आहे. त्यांनी जवळ येऊन मोठ्याने पुन्हा वाचला, तेव्हा बाहेरच्या बाकावरचे लोकही ऐकत होते. मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. माझ्या कानांचेही यात लिहावे असे मी सांगितले व ते लिहून झाल्यावर सही केली.