जहाजावरील खात्याबाबत आणि मी घर सोडल्याबाबत

जबाब

नाव: भार्गवी अंबरीश कंधारकर. वय: ४१ वर्षे. शिक्षण: एम.एस्सी. (रसायनशास्त्र), बी.एड. व्यवसाय: शिक्षिका. माहेर: औसा, जि. लातूर. लग्नानंतर राहणार: लातूर. हल्ली मुक्काम: नांदेड. हल्लीचा पत्ता माझ्या विनंतीवरून वेगळ्या कागदावर घेण्यात आला आहे व तो माझ्या पतींना दाखवायचा नाही.

मी आज दिनांक १२ डिसेंबर २०२३ रोजी नांदेड येथे पोलीस ठाण्यात आपणहून आले आहे. मला विचारले त्यावरून हकीकत सांगते ती अशी.

मी हरवलेली नाही. माझे पती अंबरीश अनंतराव कंधारकर यांनी लातूर येथे मी बेपत्ता असल्याची खबर दिली आहे, हे मला काल माझी मैत्रीण धम्मप्रिया हिच्याकडून समजले. माझा फोटो तिच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला होता. फोटो जहाजावरचा आहे. घोळक्यातून मला कापून घेतले आहे, त्यामुळे माझ्या खांद्यावर दुसऱ्या कोणाचा तरी हात दिसतो. तो हात माझ्या पतींचा आहे.

उपनिरीक्षक मॅडमनी मला विचारले की, मारहाण होते का. होत नाही. हुंड्याची मागणी झाली का. झाली नाही. पती दारू पितात का. पीत नाहीत. मॅडम म्हणाल्या, "मग घर का सोडलं?" मी म्हणाले की, ते सांगायचे तर जहाजावरचे सांगावे लागेल. जबाब लिहून घेणारे हवालदार मल्लिकार्जुन म्हणाले, "ताई, मिसिंगच्या कागदात जहाजाचं काय काम हाय?" मॅडमनी त्यांना लिहा म्हणून सांगितले.

माझ्या पतींचे लातूरला मेडिकल प्रवेश परीक्षेचे क्लासेस आहेत. मी तेथे चौदा वर्षे रसायनशास्त्र शिकवते. माझ्या नावावर पगार निघतो. त्या खात्याला पतींचा मोबाईल नंबर जोडलेला आहे. आमच्या क्लासमध्ये शिक्षक रुजू होताना मूळ प्रमाणपत्रे ऑफिसच्या कपाटात जमा करतात, म्हणजे कोणी वर्षाच्या मध्येच दुसऱ्या क्लासला जात नाही. सगळीकडे तशी पद्धत आहे. सरांच्या बायकोला वेगळा नियम असे कोणी म्हणू नये म्हणून माझीही प्रमाणपत्रे पहिल्या दिवसापासून तेथेच आहेत. कपाटाची किल्ली पतींकडे असते.

आमची मुलगी इरा ही मागील वर्षी मेडिकलला लागली व होस्टेलवर राहायला गेली. त्यानंतर मी नांदेडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अर्ज केला. त्यांनी झेरॉक्स प्रतींवर घ्यायचे मान्य केले. धम्मप्रियाने माझ्यासाठी एक खोली पाहून ठेवली. खोलीची अनामत आणि पहिला पगार होईपर्यंतचा खर्च मी माझ्या क्रेडिट कार्डावर करणार होते. ते कार्ड मला आईने माझ्या नावावर ठेवलेल्या ठेवीवर मिळाले होते. त्याचे मेसेज माझ्याच मोबाईलवर येतात. मी ते कधी वापरले नव्हते.

लातूरच्या घरातून बॅग घेऊन बाहेर पडणे मला शक्य नव्हते. आमच्या गल्लीत क्लासची चार होस्टेले, दोन मेस आणि एक झेरॉक्सचे दुकान आहे. मी दळण घेऊन निघाले तरी पतींना फोन जातो. यात कोणाचा वाईट हेतू नाही. म्हणून दिवाळीनंतर क्लासच्या शिक्षकांची सहकुटुंब मुंबई ते गोवा अशी जहाजाची सहल ठरली, तेव्हा मी ठरवले की परत आल्यावर मुंबईहूनच नांदेडची गाडी धरायची. त्या वेळी माझ्याजवळ बॅग असणार होती आणि बॅग का घेतली हे कोणी विचारणार नव्हते.

मुंबईला जहाजावर चढण्याआधी एका काउंटरवर प्रत्येकाकडे बँकेचे कार्ड मागतात. जहाजावर खरेदीला रोख पैसे चालत नाहीत. प्रत्येकाला एक प्लास्टिकचे कार्ड देतात. त्यानेच खोलीचे दार उघडते, त्यानेच खरेदी होते आणि तेच दाखवून जहाजावरून उतरता येते. खर्च खोलीच्या खात्यावर चढतो. त्या खात्यामागे आपले बँकेचे कार्ड जोडलेले असते आणि खर्च व्हायच्या आधीच बँक त्यातली काही रक्कम रोखून ठेवते. एकाच कार्डाला अनेक खोल्या जोडता येतात.

काउंटरवर माझे पती म्हणाले, "हिचं कार्ड घ्या. रिकामंच असतंय ते." त्यांच्या कार्डावर क्लासच्या जाहिरातींचा खर्च होता. आमची धरून शिक्षकांच्या सहा खोल्या होत्या. सगळ्या माझ्या कार्डाला जोडल्या. फिजिक्सचे वीरण्णा सर उदगीरचे आहेत. ते हसत म्हणाले, "मॅडमच्या जिवावर मज्जा हाय आपली." पती म्हणाले, "आमचं सगळं हिच्याच नावावर आहे, सर. मी तर नोकर माणूस." सगळे हसले. मीही हसले. नाही म्हणायचे तर ते कार्ड मला कशासाठी पाहिजे, हे सांगावे लागले असते. मी सही केली.

आमची खोली आतल्या बाजूची होती. तिला खिडकी नव्हती. भूकंपाच्या वर्षी मी अकरा वर्षांची होते. औशातले आमचे घर उभे राहिले, पण त्यानंतर आमच्याकडे रात्री दाराला कडी लावत नसत. माझी ती सवय अजून आहे. जहाजावरचे दार आपोआप बंद होते. ते आतून उघडते हे मी झोपण्यापूर्वी पुन्हा पुन्हा पाहिले. पती म्हणाले, "झोप आता, समुद्रात कुठला भूकंप."

दुसऱ्या दिवशी मी एकटी जहाजाच्या चौकशी काउंटरवर गेले. तेथील मुलीने संगणकावर पाहून सांगितले की, सहाही खोल्यांची मिळून मोठी रक्कम रोखलेली आहे आणि खर्च वाढेल तशी बँकेकडून आणखी रोखली जाईल. शेवटी रोख भरले तर कार्डावरून काही कापणार नाहीत, पण रोखलेली रक्कम बँक आपल्या सवडीने सोडते. त्याला काही दिवस लागतात, कधी दोन-तीन आठवडेही. मी विचारले की, आता काय करता येईल. ती म्हणाली, "कार्ड तुमचं आहे मॅडम. बाकीच्या खोल्या तुम्ही काढू शकता. आधीचं अडकलेलं मात्र लगेच मोकळं होणार नाही." मी बाकीच्या खोल्या काढायला सांगितल्या. तिने माझी सही घेतली. कार्डावर थोडी मर्यादा शिल्लक होती. ती पुरली असती.

त्याच संध्याकाळी वीरण्णा सरांनी मुलांसाठी आइस्क्रीम मागवले तेव्हा त्यांचे कार्ड चालले नाही. पाठोपाठ दुसऱ्या दोघांचे चालले नाही. पती काउंटरवर गेले व परत येऊन माझ्याजवळ बसले. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "भार्गवी, लोकांपुढं असं करायचं नसतं. तुला काही पाहिजे असलं तर मला माग." त्यांनी मला हाताला धरून काउंटरवर नेले. सगळे शिक्षक तेथे उभे होते. त्या मुलीने मला विचारले, "मॅडम, तुमची स्वतःची इच्छा आहे ना?" मी हो म्हणाले. खोल्या पुन्हा जोडल्या. वीरण्णा सर म्हणाले, "जाऊ द्या ओ सर, एका आइस्क्रीमपायी मॅडमला कशाला तरास." त्यांचा आवाज खाली गेला होता.

त्यानंतर पतींनी माझे जहाजाचे कार्ड त्यांच्या पाकिटात ठेवले. "तू कुठंतरी हरवशील," असे म्हणाले. त्यामुळे मला खोलीत जायचे असले की त्यांना शोधावे लागे. गोवा आले त्या दिवशी मी डेकवर होते. सगळे उतरून गेले. मला वाटले ते वर बोलवायला येतील. त्यांना वाटले की माझे डोके दुखते म्हणून मी येणार नाही. तसे त्यांनी इतरांना सांगितले होते, हे मला नंतर कळले. माझ्याजवळ कार्ड नव्हते म्हणून मला उतरता आले नाही व खोलीतही जाता आले नाही. मी खुर्चीवर बसून राहिले. समोर किनारा होता. माणसे दिसत होती.

दुपारी मी पुन्हा काउंटरवर गेले. त्या मुलीने विचारले, "कार्ड हरवलं का?" मी हो म्हणाले. हे खोटे होते. तिने मला दुसरे कार्ड करून दिले व सांगितले की, पहिले आता कशालाच चालणार नाही. ते पहिले कार्ड शेवटपर्यंत पतींच्या पाकिटात होते. मी त्यांना सांगितले नाही.

शेवटच्या रात्री हिशेबाचा कागद दाराखालून आत सरकवण्यात आला. सकाळी पतींनी सगळ्यांकडून वर्गणी गोळा करून पूर्ण रक्कम रोख भरली. एक रुपयाही बाकी ठेवला नाही. मला पावती दाखवून म्हणाले, "बघ, तुझ्या कार्डाला हात लागला का? उगीच भीत होतीस." ते मनापासून बोलत होते. त्यांना तसेच वाटत होते, हे मला लिहून द्यायचे आहे.

जहाजावरून उतरल्यावर बंदरातील बायकांच्या बाथरूममध्ये मी मोबाईलवर नांदेडच्या रेल्वेचे तिकीट काढण्याचा प्रयत्न केला. कार्ड चालले नाही. खोलीची अनामत पाठवून पाहिली. तीही गेली नाही. धम्मप्रियाला फोन केला असता तर तिने पैसे पाठवले असते, पण ते माझ्या पगाराच्या खात्यात आले असते आणि मेसेज पतींना गेला असता. तिकीट तिने काढून दिले असते, तरी अनामत व पगारापर्यंतचा खर्च मला तिच्यावर टाकायचा नव्हता. बाहेरून पतींनी हाक मारली. मी बाहेर आले आणि सगळ्यांबरोबर लातूरच्या गाडीत बसले. माझी बॅग वीरण्णा सरांनी वर ठेवली.

पुढे मी दररोज मधल्या सुटीत क्लासच्या प्रयोगशाळेतून बँकेच्या हेल्पलाइनला फोन करत होते. ते म्हणत, "मॅडम, रक्कम कापलेली नाही." मी विचारी, "मग ती माझी आहे ना?" ते म्हणत, "तुमचीच आहे. फक्त आत्ता वापरता येणार नाही." हे सांगितल्यावर हवालदार मल्लिकार्जुन लिहायचे थांबले व म्हणाले, "म्हणजे गेले बी न्हाईत, अन् हातात बी न्हाईत." मी म्हणाले, तसेच लिहा. मग त्यांनी हे वाक्य जसेच्या तसे घेतले आहे.

नांदेडच्या प्राचार्यांना मी दोनदा मुदत मागितली. दुसऱ्या वेळी ते म्हणाले की, येत्या सोमवारपर्यंत थांबतो, मग दुसरे कोणी पाहतो. त्या आठवड्यात मला जेवण जात नव्हते. पतींनी डॉक्टरांना दाखवले. डॉक्टर रक्त कमी आहे म्हणाले. पतींनी खजूर आणून दिला व रोज मी खाल्ला की नाही ते विचारत असत.

शनिवारी सकाळी रिपीटर बॅचचा तास चालू असताना मोबाईलवर मेसेज आला की कार्डाची पूर्ण मर्यादा उपलब्ध आहे. मी तास पूर्ण केला. मुलांना अभ्यास दिला. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा ऑफिसमध्ये ठेवून त्यावर कोणत्या बॅचचा आहे ते लिहिले. पर्स घेतली आणि बसस्थानकावर जाऊन नांदेडच्या बसमध्ये बसले. अहमदपूर गेल्यावर मोबाईल बंद केला. घरातील पैसे, दागिने किंवा क्लासची कोणतीही वस्तू मी आणलेली नाही. अंगावरचे मंगळसूत्र आणले आहे. ते पाहिजे असल्यास देते.

इराला मी त्याच दिवशी धम्मप्रियाच्या फोनवरून सांगितले. तिने विचारले, "आई, जेवलीस का?" मी जेवले म्हणाले. त्या दिवशी मी खरोखर जेवले होते.

ठाण्यातून कळवल्यावरून माझे पती लातूरहून आले असून सध्या बाहेरच्या बाकावर बसलेले आहेत. हवालदार मल्लिकार्जुन मधे बाहेर जाऊन आले व म्हणाले, "सर म्हणून राहिले की एकदा समोर येऊन बोला. डबा आणलाय त्यांनी." मी विचारले, किती माणसांचा. ते म्हणाले, "दोघांचा. परतीच्या रस्त्यात खायला." पतींचे म्हणणे असे आहे की, माझी मनःस्थिती ठीक नाही आणि ते माझ्यावर अजिबात रागावलेले नाहीत. ते रागावलेले नाहीत हे खरे आहे. मनःस्थितीबाबत, मी काल आणि आज दोन्ही दिवस सकाळचे तास घेतले असून त्याची चौकशी महाविद्यालयात करता येईल.

हा जबाब लिहिताना आधी "पत्नी सध्या पतीसोबत जाण्यास तयार नाही" असे लिहिण्यात आले होते. मॅडम म्हणाल्या, "असं लिहिलं की पुढं वाट राहते." मी म्हणाले, मला ती वाट नको आहे. मला पतीसोबत जायचे नाही. भावाकडे किंवा मुलीकडेही पाठवू नये. मी राहते त्या खोलीवर जायचे आहे. माझी पतीविरुद्ध तक्रार नाही. माझी मूळ प्रमाणपत्रे क्लासच्या कपाटात आहेत, ती मला परत मिळावीत.

आणखी एक विनंती आहे. मी रिक्षात बसून पुढच्या चौकातून वळेपर्यंत माझ्या पतींना आत बोलावून बसवून ठेवावे. त्यांनी कारण विचारले तर खरे ते सांगावे. त्यांना चहा द्यावा. बिनसाखरेचा लागतो.

हवालदारांनी हा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला, नंतर मी स्वतः डोळ्यांखालून घातला. मी जे सांगितले तेच यात आहे, कोणाच्या दबावाने लिहिलेले नाही, म्हणून खाली सही करते.

(सही) भार्गवी कंधारकर

समक्ष: महिला पोलीस उपनिरीक्षक
लेखनिक: हवालदार मल्लिकार्जुन