टकल्याला नाही म्हण

तुम्ही पोस्टाला खुशाल नावं ठेवा, पण आमच्या रामदासभाऊची इज्जत एका विलायती सिनेमानं घालवली होती. तेव्हा मी चिमूरजवळच्या एका गावात इंग्रजीचा मास्तर होतो. व्हिडिओवाल्यानं चुकून जुन्या काळातल्या गोऱ्या साहेबलोकांची कॅसेट आणली. अख्खं गाव येऊन बसलेलं, म्हणून मी एकेक वाक्य मराठीत सांगत होतो.

हिरोनं लग्नाचं विचारायला पत्र पाठवलं आणि ते काही पोचेना. इकडे पोरगी वाट पाहून थकली आणि एका टकल्या जमीनदाराला हो म्हणायला निघाली. सगळ्यांच्या माना वळल्या त्या आमच्या पोस्टमनकडे, म्हणजे रामदासभाऊकडे.

"माह्याकडे काऊन पाहून राह्यले?" तो म्हणाला. "ते गाव माह्या बीटात नाई."

तेवढ्यात लाइन गेली आणि टीव्ही बंद पडला. लाइन रात्रभर आली नाही आणि सकाळी व्हिडिओवाला कॅसेट घेऊन निघून गेला.

म्हाताऱ्या सोनाबाईनं सकाळीच रामदासभाऊची सायकल अडवली. "त्या पोरीचं पत्र देल्लं का?"

आता प्रश्न खात्याच्या अब्रूचा होता. "देल्लं बाई. तिच्याच हाती देल्लं."

संध्याकाळी सोनाबाई पोस्टकार्ड घेऊन माझ्या दारात. "इंग्रजीत लिवा मास्तर. पत्र भेटलं नं पोरी, आता त्या टकल्याले नाई म्हन."

मी लिहिलं. मग विचारलं, "बाई, पत्ता काय टाकू?"

"पत्ता कायले पाहिजे? रामदास घर पाहून आला हाये नं."