बेचाळीसचे एकोणीस

पुतणी : आत्या, हळू! मांडीचं ऑपरेशन झालंय तुझं. डॉक्टर काही पळून चालले नाहीत.

आत्या : मग फोनवर किंचाळलीस कशाला? लेथ बंद केला आणि तशीच आले. हात बघ, ऑइलने माखलेत.

डॉक्टर : या, बसा. स्कॅन चांगला आलाय.

आत्या : चांगलं-वाईट मी ठरवीन. मांडीतली गाठ काढलीत, तेव्हा ‘सुटलात’ म्हणालात. दीड वर्षाने तोच कॅन्सर लिव्हरमध्ये जाऊन बसला. मला आकडे सांगा.

डॉक्टर : लिव्हरमध्ये तीन गाठी होत्या. मोठी बेचाळीस मिलिमीटर. सहा केमो झाल्यावर ती एकोणीस झालीय. दुसरी नऊ. तिसरी दिसतच नाही.

आत्या : नाहीच आहे, की यंत्राला दिसत नाही?

डॉक्टर : खरं सांगायचं, तर यंत्राला दिसत नाही.

पुतणी : आत्या, आज तरी खुसपटं काढू नकोस गं!

आत्या : गप. तीस वर्षं मापं घेण्यात गेलीत माझी. बेचाळीसचे एकोणीस... अर्ध्याहून कमी! पुढे?

डॉक्टर : आता ऑपरेशन करता येईल. मोठी गाठ कापून काढायची, छोटी गाठ सुई घालून जाळायची. तिसरीच्या जागेवर लक्ष ठेवायचं. सर्जनबाई सकाळीच म्हणाल्या, ‘होतंय.’

आत्या : आणि कापलेलं लिव्हर?

डॉक्टर : उरलेलं वाढतं. काही महिन्यांत बरंचसं भरून येतं.

आत्या : काय सांगता! लोखंड कापलं की कापलं. आणि हे वाढतं?

डॉक्टर : वाढतं. पण कॅन्सर परत येणार नाही, असं मी लिहून देणार नाही.

पुतणी : डॉक्टर, हिने परवाच मला बजावलंय, आता उपचार बास म्हणून. आत्या, नाही म्हणू नकोस ना!

आत्या : परवा मला वाटत होतं, तुम्ही सगळे माझी समजूत काढताय. कधी करायचं?

डॉक्टर : तीन आठवड्यांनी. आधी रक्त तपासू.

आत्या : एवढं थांबायचं? उद्या नाही होणार?

डॉक्टर : नाही हो! आधी पोटभर जेवा.

(दोघी बाहेर, जिन्यात.)

पुतणी : आत्या! ऐकलंस ना? ‘होतंय’ म्हणाल्या त्या! ‘होतंय’!

आत्या : ओरडू नकोस, दवाखाना आहे हा. ऐक, आज माझ्याकडे राहायला ये.

पुतणी : सहा महिने मी येते येते म्हणत होते, तेव्हा नको म्हणायचीस.

आत्या : तेव्हा तू रडली असतीस. आज मला रडायचंय.