पेशीतला उजेड

येलहंक्याहून निघालेल्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर एक आजी बसल्या होत्या. शेजारच्या तरुणाचं फोनवरचं मराठी ऐकून त्यांनीच बोलणं काढलं.

"नागपूरचा काय रे तू?"

"हो, आजी. इथे संशोधन करतो. जिवंत पेशीत ऑक्सिजन किती आहे, ते उजेडानं मोजतो."

"पेशी तर डोळ्याला दिसत पण नाही!"

"तिच्यात एक रंग सोडतो आणि त्यावर उजेड पाडतो. रंग चमकतो. ऑक्सिजन भरपूर असला तर चमक लगेच विझते, कमी असला तर रेंगाळते."

"स्वल्प, जरा थांब. कमी असला तर जास्त वेळ?"

"हो. इतकं तर मला घरीही कुणी विचारत नाही, आजी."

"आमच्याकडे सून कन्नड बोलते, नातवंडं इंग्लिश. मराठी बोलायला हे होते, ते गेले. बरं, ऑक्सिजन कमी पडला तर पेशी मरते?"

"लगेच नाही. आधी तग धरून बघते. आजी, हेब्बाळ मागे गेलं! तुमचं तिकीट तिथलंच होतं ना?"

"सरी, ठीक आहे, जाऊ दे. परतीची बस मिळते. तू सांग, तग कशी धरते?"