मण्यारीच्या मानेची हळद

(मोताळ्याजवळचं गाव, भर दुपार. घरामागच्या कोरड्या हौदात साप पडलाय. काठावर काठी घेऊन गणेश आणि त्याची थोरली बहीण सुचिता. दोघांचे आईवडील आता नाहीत.)

सुचिता : काठी खाली ठेव आधी. हौदातून तो वर येत नाही. मोताळ्यावरून कुलदीप निघाला हाय, तो धरून नेईन.

गणेश : तोवर पाहुणे येतील, ताई. माझ्या पोरीला बघायला माणसं यायची आणि मागं हौदात मण्यार. काय शोभा राहील?

सुचिता : मण्यार हाय म्हून कोणं सांगतलं तुले?

गणेश : काळं अंग, पांढरे पट्टे, तेही थेट मानेपासून. बाबांनी या भिंतीसमोर उभं करून पाठ करून घेतलंय. नाग, घोणस, फुरसं, मण्यार. चुकलो की कान पिळायचे.

सुचिता : फुरसं तुले कधीच वळखू आलं नाही. घोणसीचं पिलू म्हने तू त्याले.

गणेश : मग तू मागून हळूच सांगायचीस. बाबांना ऐकू यायचं, पण ऐकलंच नाही असं दाखवायचे.

सुचिता : सारं गाव नागपंचमीले भिंतीवर चुन्यानं एक नाग काढे. आपले बाबा चार काढत. लहान काका मण्यार चावून गेले, तवापासून. लोकं हसत, त्यायले काही नाही.

गणेश : त्या चुन्याचा वास अजून नाकात आहे. पण ताई, पाहुण्यांना काय चार साप दाखवायचे? दीपक पेंटर येईलच आता. तासाभरात भिंत पांढरी होईल.

सुचिता : म्हून तं सकाळपासून जीव लागत नाही माहा. दे रंग. पन त्याच्या आधी एकदा भिंतीवरली ते मण्यार पाहून ये. तू नीट पाह्यलीच नसशीन कितीक वर्षांत.

गणेश : बरं, पाहतो... मानेवर हळदीचा हा एवढा थर. पट्टे बरेच खालून सुरू होतात. शेपटीकडे दाट. असं नव्हतं हे.

सुचिता : आता हौदात पाह्य.

गणेश : याचे मानेजवळ ठसठशीत. शेपटीकडे पुसट होत गेलेत.

सुचिता : कवड्या हाय तो. जहर नाही त्याले. तरी हात नको लावू, कुलदीपले पाहू दे.

गणेश : म्हणजे बाबांनी मला चुकीचं शिकवलं?

सुचिता : काकाले चावलेली मण्यार कोणंच पाह्यली नव्हती. बाबानं ऐकून ऐकून काढली. तू बुलढाण्याले कॉलेजले होता, तवा कुलदीप नवा नवा साप धरे. नागपंचमीले आला आन् बाबाले म्हने, काका, मण्यारीच्या मानेजवळ पट्टे नसतात. बाबा लय चिडले. पूजलेला साप पुसाचा नाही, आपल्या घरची रीत हाय, म्हने.

गणेश : मग?

सुचिता : मायनं पूजेच्या हळदीचा डबा घेतला. तिनं मण्यारीच्या मानेले हळद लावली. एवढी लावली, का पट्टे बुडाले. पुढच्या साली बाबा चुना घेऊन बसले, आन् हळद जिथी संपली तिथूनच पट्टे काढले. मंग दरसाल तसंच. त्या गोष्टीवर दोघं कधी एक शब्द बोलले नाहीत.

गणेश : मले वाटे, माय मण्यारीले जास्त भेते म्हून जास्त हळद लावते.

सुचिता : भेत तं होतीच. पोटच्या लेकरावानी वाढवला होता तिनं तो दीर.

गणेश : आन् मी जुनंच चित्र डोक्यात घेऊन फिरलो. खरी मण्यार दिसली असती तं साधा साप म्हून हातानं उचलली असती, ताई.

सुचिता : फटफटी वाजली. दीपक आला वाटते.

गणेश : त्याले सांगतो, समोरच्या खोल्या रंगव. मागची भिंत राहू दे.

सुचिता : आन् पाव्हणे?

गणेश : पोरगी सांगीन त्यायले, कोणता साप कोणता ते. आधी तिले मले शिकवा लागीन.

सुचिता : तिथी काऊन थांबला? काय पाहून राह्यला?

गणेश : मानेजवळची हळद उडाली वं थोडी. जुना एक पट्टा वर आला. मायचा हळदीचा डबा कुठी हाय?