संथपणाचं तत्त्वज्ञान

दाताच्या दवाखान्यात गाल धरून बसलेल्या शिक्षिकेला हसणं परवडणारं नव्हतं. नेमकी समोरच्या बाकावर दोन मित्रांची जुंपली होती, लाडक्या रॅपरच्या नव्या अल्बमवरून.

“रॅप सोडून सायकेडेलिक रॉक. झेपत नाही तर कशाला करायचं?”

“तुला कळायचं नाही ते. मी तबकडी आणली, दिवे घालवले. एकेक शब्द विहिरीतून वर येतो रे.”

“माझ्या फोनवर तर गाडी सुटत असल्यासारखा बोलतो.”

“फोनवर ऐकणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.”

“बरं, महाराज. कोरसमधल्या बायका कशा वाटल्या?”

“बायका कुठल्या? सगळे जाडजूड बाप्ये आहेत.”

“त्याच्या बहिणी आहेत त्या. कव्हरवर फोटो आहे. तू तबकडी कमी वेगावर लावलीयेस, शहाण्या.”

तबकडीवाल्यानं फोन काढून त्याच्यापुढे धरला.

“मी त्यावर लेख टाकलाय. ‘संथपणाचं तत्त्वज्ञान’.”

“मग काढून टाक गुपचूप.”

“कसा काढू? खाली त्या रॅपरनंच लिहिलंय, ‘अखेर कुणाला तरी कळलं.’”

शिक्षिकेनं दुसऱ्या गालावरही हात दाबून धरला.