हात मेला म्हणं!

सांगा म्हणं! अहो, काय सांगा? ज्याची आब्रू गेली त्यानंच उठून उभं राहून सांगायचं व्हय? बरं, ऐका आता, मधी बोलू नका.

तुम्हाला सांगतो, बैलाची दलाली करण्यात सारी हयात गेली माझी. आमच्यात भाव तोंडानं नसतो. उपरण्याखाली हात घालायचा, समोरच्यानं बोटं धरायची, जितकी बोटं तितका आकडा. बाजूला उभ्या माणसाला पत्ता नाय! अन् त्या दिवशी देवगाव रंगारीच्या बाजारात कय्युमनं माझी बोटं धरली. हा कय्युम म्हंजे गिऱ्हाइकाकडचा दलाल, तरणेपणापास्नंचा दोस्त. मी तीन समजलो, तो म्हणतो चार. सौदा मोडला. अन् भर बाजारात काय वरडावं यानं? "मोतीराम, तेरा हात मर गया रे! अब घर बैठ!"

हात मेला म्हणं! सगळा बाजार हसला, बैलसुद्धा हसले असतील... दुसऱ्या बाजारापास्नं कुणी माझ्या उपरण्याखाली हात घालंना!

गेलो संभाजीनगरला. डॉक्टर म्हणला, "शुगरनं नसा बधिर झाल्यात, हाताला पुन्हा शिकवावं लागंल." आता बोला! मी दुसरीतनं पळालेला, अन् या वयात हाताला शाळा? मास्तरीण कोण, तर विशाखा म्हणून पोरगी. तांदळाचं टोपलं पुढं ठेवती, आत काहीबाही लपवलेलं, अन् म्हणती, "आजोबा, डोळे मिटा. हाताला काय लागलं सांगा. खरखरीत का मऊ?" अगं बाई, बैलाच्या पाठीवर हात फिरवून जुना वळ सांगणारा माणूस मी, अन् तू मला गुंडी वळखायला लावती?

...नाय वळखली. गुंडी नाय वळखली.

घरी ज्वारीच्या डब्यात हात. आमच्या कारभारणीनं, गोजरबाईनं, लसणाची पाकळी लपवली, मी म्हणलं बैलाचा दात! ती म्हणती, "दातच काढा आता! दिसभर डब्यात हात, मी भाकरी कशाची थापू?" पण सोडलं नाय मी. अन् एक दिवस चहाचा गिलास धरला अन् चटका बसला. बसला हो! नाचलो मी! गोजरबाई म्हणती, "भाजलं त्यात हसायला काय झालं?" हात मेला म्हणं!

अन् परवा काय झालं... टोपल्यात हात खुपसून डोळे मिटून बसलो, पल्याड विशाखानं दुसरा पेशंट बसवलेला. त्यानं तांदळात माझं बोट धरलं अन् म्हणतो, "ये मोमबत्ती है." पण मी डोळे न उघडता वळखलं! बैलाच्या दाव्यात अडकून वाकडा झालेला तो अंगठा... कय्युम्या!

म्हणलं, "तुला बी शुगर? मग बाजारात किती बोटं धरली होती?"

"चार."

"धर बरं आता चार."

धरली पठ्ठ्यानं. गच्च धरली. तीन! विशाखा तोंडाला ओढणी लावून हसाया लागली.

म्हंजे मेलेला हात कुणाचा? अन् घरी कोण बसलं? म्हणलं, "माफी माग, अन् बाजारात माग, सगळ्यांदेखत." तर मला म्हणतो कसा, "मोतीराम, पहले हात तो ठीक होने दे, फिर जोडता हूँ."

आता काय करता? त्याचा हात लौकर बरा व्हावा म्हणून मीच त्याच्यापुढं बोटं धरून बसतो. विशाखा विचारती, "आजोबा, तुमचा हात तर सुधारला, आता कशापाई येता?"

म्हणलं, माफी घ्यायची राहिलीय बाई. त्या कय्युमची.